पायाखालचं पेडल

अथर्व, मीरा, खुर्चीत बसल्या बसल्या आजोबांचा पाय का हलतो, असं काल तुम्ही फोनवर विचारलंत, म्हणून आजच लिहिते.

आजोबा जर्मनीत मालगाडीचं इंजिन चालवायचे. तिथे ड्रायव्हरच्या पायाखाली एक पेडल असतं. ते दाबून धरायचं, पण अधूनमधून क्षणभर सोडून पुन्हा दाबायचं. विसरलं तर आधी दिवा लागतो, मग भोंगा वाजतो, आणि तरीही पाय हलला नाही तर ब्रेक लागून गाडी आपोआप उभी राहते.

"मग नुसतं दाबूनच ठेवलं तर?" मी एकदा विचारलं होतं.

"अगं, मेलेल्या माणसाचा पायही पेडलवर पडून राहीलच की!" ते हसत म्हणाले होते.

आता ते मला ओळखत नाहीत. दुपारी डोळे मिटतात, मान कलते, पण पाय उचलला जातो, टेकतो, पुन्हा उचलला जातो. आत कोणीतरी जागं आहे, हे तो कुणाला कळवत असेल? बघताना अंगावर काटा येतो, तरी नजर हटत नाही. मध्येच तो थांबला की मी हातातलं काम टाकून हाक मारते, "अहो!"

"हं," ते म्हणतात.

हाकेला ओ देणं अजून शिल्लक आहे.