दत्तू बाथरूममध्ये पडला म्हणे!

समुद्रातल्या रिगवर काम करणाऱ्या माणसाकडं किस्से का साठतात, ते सांगतो. अठ्ठावीस दिवस पाण्यावर, अठ्ठावीस दिवस घरी. तिथं घडलेलं तिथल्यांना सांगून उपयोग नाही, त्यांनी ते पाहिलेलंच असतं. घरी सांगावं तर आई म्हणते, "उद्यापासून जाऊ नकोस." मग उरते सातपूरची आमची चहाची टपरी. सुट्टीवर आलेले आम्ही नाशिककडचे चार-पाच रिगवाले तिथं जमतो. सुरुवात कुठूनही झाली तरी गाडी येते दत्तू सानपवरच!

रिग म्हणजे तेलासाठी समुद्राच्या तळाला भोक पाडणारा लोखंडी सांगाडा. मी तिथं वेल्डर. दत्तू सिन्नरकडचा, आयटीआय फिटर. त्याचं काम फ्लोअरवर, म्हणजे जिथं पाइपाला पाइप जोडून खाली सोडतात तिथं. अख्ख्या रिगवर त्याच्याइतकं धोक्याचं काम दुसरं नाही.

*

आमच्याकडं दर आठवड्याला प्रत्येकानं एक कार्ड भरायचं असतं. "मला कोणता धोका दिसला?" धोका दिसला नाही तरी कार्ड भरायचंच. त्यामुळं निम्मी रिग वर्षानुवर्षं एकच धोका बघते: "जिना निसरडा."

दत्तू मात्र प्रामाणिक. एका आठवड्यात त्यानं दोन कार्डं टाकली. पहिलं: "टाँगचा दोर झिजलाय, तुटेल." टाँग म्हणजे पाइप आवळायचा अजस्र पाना, दोन माणसांच्या वजनाचा, लोखंडी दोरावर टांगलेला. दुसरं कार्ड त्यानं वैतागून टाकलं होतं: "पोळी कडक. दाताला धोका."

पोळीची चौकशी लागली! मुख्य ऑफिसातून माणूस आला. पोळीशेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढले, स्वयंपाक्याचा जबाब घेतला, आणि आठवड्यात पोळ्या मऊ झाल्या.

दोराच्या कार्डावर शेरा आला: "नोंद घेतली."

*

जेवणाच्या हॉलबाहेर आमच्याकडं एक मोठा बोर्ड होता. "अपघाताविना दिवस." रोज सकाळी सेफ्टी ऑफिसर आंघोळ करून, देवाला हात जोडून त्यावरचा आकडा बदलायचा. तीनशे दिवस झाले की प्रत्येकाला पाच लिटरचा कुकर मिळणार होता.

दोनशे सत्त्याण्णवाव्या दिवशी दोर तुटला. टाँग फिरली आणि दत्तूच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

आम्ही त्याला स्ट्रेचरवर घेऊन निघालो. सेफ्टी ऑफिसर शेजारून पळत होता. त्याच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. म्हणाला, "दत्तू, अरे तीनच दिवस राहिले होते रे!"

हेलिकॉप्टर दत्तूला घेऊन उडालं आणि इकडं रिपोर्ट तयार झाला: "सदर कामगार ड्यूटीवर नसताना बाथरूममध्ये पाय घसरून पडला." बोर्ड पुसला गेला नाही. साक्षीदार म्हणून त्या रिपोर्टवर चार सह्या झाल्या, त्यातली एक माझी. घाबरलो होतो, दुसरं काय! आजही ती सही आठवली की जेवण गोड लागत नाही.

*

कुकर मात्र सगळ्यांना मिळाले. कंपनीची शिस्त अशी की यादीत नाव होतं म्हणून दत्तूच्या घरीही कुरियरनं गेला. दत्तू पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून पडलेला, आणि दारात खोकं. वर छापलेलं, "सुरक्षित कामाबद्दल अभिनंदन!"

मी भेटायला गेलो होतो, तेव्हा वहिनींनी तो माझ्यासमोरच उघडला. उलटापालटा करून बघितला आणि मला विचारलं, "भाऊजी, दोन बोटांना कुकर. आख्खा हात गेला असता तर फ्रीज दिला असता का वो?"

मी चहा अर्धा टाकून उठलो.

*

मग दत्तूचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट. त्यासाठी एका सरकारी ऑफिसात बोटांचे ठसे द्यायचे होते. सोबत मीच. मशीन बोलणारं होतं. "कृपया उजव्या हाताची चार बोटं ठेवा."

दत्तूनं होती तेवढी ठेवली.

"कृपया चार बोटं ठेवा."

असं पाच वेळा झालं. खिडकीतला क्लार्क मान वर न करता खेकसला, "अहो, चारही ठेवा ना नीट! मागं लाइन आहे!"

दत्तू शांतपणे म्हणाला, "सायेब, दोन समुद्रात राह्यलीत. मागवून घिऊ का?"

क्लार्कनं मान वर केली, हात बघितला, आणि पुढची पंधरा मिनिटं तो स्वतः आमच्यासाठी या टेबलावरून त्या टेबलावर धावत होता.

*

या हातानं पाना धरता येईना. रिगवर परत कुणी घेईना. शेवटी आम्ही दत्तूला अहिरे मॅडमकडं नेलं. मॅडम कामगारांच्या केसेस लढतात. ऑफिस एवढंसं, आवाज मोठा. दत्तूनं गाव, आयटीआय, लग्न अशी सुरुवात केली तसा त्यांनी हात वर केला. "सानप, चूक कुणाची ते राहू द्या. ड्यूटीवर असताना, कामामुळं लागलं, एवढं सिद्ध झालं की भरपाई मिळते. आणि दोन वर्षं व्हायच्या आत आलात, हे एक काम तुम्ही नीट केलंत!"

पहिल्याच तारखेला कंपनीचे वकील मुंबईहून आले. उभे राहून म्हणाले, "हा दावा नाशिकमध्ये कसा काय? नाशिकला समुद्र कुठंय?"

मॅडम म्हणाल्या, "समुद्र नाही, पण सानप इथंच राहतात. कायद्याला तेवढं पुरतं."

मग दुसरा प्रश्न निघाला, दत्तू कुणाचा माणूस? कंपनी म्हणाली, ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणाला, पोटठेकेदाराचा. पोटठेकेदार म्हणाला, आम्ही फक्त नाव पुढं पाठवलं. तिघांचे तीन वकील, तिघंही म्हणतात हा आमचा नव्हेच!

न्यायाधीश साहेबांनी चष्मा काढला. "मग हा मनुष्य त्या रिगवर गेला कसा? पोहत?"

दत्तू मागून घाईघाईनं उठला. "नाय सायेब, मला पव्हता येत नाय!"

*

माझी साक्ष झाली. मनाशी ठरवलं होतं, नोकरी गेली तरी चालेल. कंपनीच्या वकिलानं विचारलं, "तुम्ही त्या वेळी बाथरूममध्ये होता का?"

"नाही."

"मग सानप तिथं पडला नाही, हे कशावरून?"

"साहेब, आमचं बाथरूम अडीच बाय तीन फुटांचं. त्यात पडायला जागाच नाही. माणूस फार तर भिंतीला टेकतो."

कोर्ट हसलं. न्यायाधीशही हसले. मी दत्तूकडं बघून मान हलवली, झालं म्हटलं काम! तेवढ्यात वकिलानं तो रिपोर्ट माझ्यासमोर धरला. "ही सही कुणाची?"

"माझी."

"तेव्हा खोटं बोललात की आत्ता बोलताय?"

 बाहेर आल्यावर अहिरे मॅडम पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या, "तुमच्या साक्षीची किंमत त्या सहीनं घालवली." दत्तूनंच उलट माझी समजूत काढली. त्याचा तो उरलेल्या बोटांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि मला मान वर करवत नव्हती.

*

राहिले मानेमामा. मूळचे येवल्याचे. आमचे ड्रिलर, म्हणजे फ्लोअरवरचे मालकच. पाइप खाली सोडायचा ब्रेक त्यांच्या हातात. रिटायरमेंटला चार महिने उरलेले, आणि ते आले कंपनीचे साक्षीदार म्हणून! कोर्टाच्या व्हरांड्यात दत्तू म्हणाला, "मामा बी तिकडंच गेला. आता संपलं." मामांनी आमच्याकडं बघितलंही नाही.

आत त्यांनी पढवल्यासारखी उत्तरं दिली. त्या पाळीला फ्लोअरवर किती माणसं? तीन. सानप? कागदावर त्याची पाळी नाही. दोर केव्हा तुटला? पाळी चालू असताना, पण कुणाला लागल्याची नोंद नाही. दत्तू खाली मान घालून बसला होता.

कंपनीचे वकील खूश झाले. जाता जाता म्हणाले, "तुम्ही सुरक्षेची किती काळजी घेता, तेही कोर्टाला सांगा."

मामांची छाती फुगली. या एका विषयावर ते तासभर बोलू शकतात. "सायेब, माझी एक पद्धत हाय. ब्रेक सोडायच्या आधी मी वरडतो, 'हात!' फ्लोअरवरच्या समद्यांनी दोन्ही हात वर करायचे. मी मोजतो. मोजून झाल्याबिगर ब्रेकला हात लावत नाय. एक बी दिवस चुकलो नाय."

वकील हसतमुखानं बसले. अहिरे मॅडम उठल्या. उलटतपासणीला त्यांनी कागदसुद्धा हातात घेतला नाही.

"मला एकच विचारायचंय. दोर तुटायच्या आधी, त्या दिवशी मोजले होते हात?"

"मोजले म्हंजे? मोजलेच!"

"किती होते?"

"आठ."

टायपिस्टची बोटं थांबली. न्यायाधीशांनी पुढं वाकून विचारलं, "तीन माणसांचे आठ हात?"

कंपनीचे वकील उभे राहिले, काहीतरी बोलू लागले. मानेमामांनी त्यांच्याकडं बघितलंच नाही.

"सायेब, कागदावर माणसं किती लिवलीत ते मला ठाव नाय. हात आठच होते."