किल्लीवाल्याला कोंडायची शक्कल

चाळीस वर्षं ज्या माणसानं सगळ्या पेठेची अडलेली दारं उघडून दिली, त्यालाच कुलूप लावून घरात ठेवायचं, ही शक्कल त्याच्याच थोरल्या मुलाची. शिकलेला माणूस. शक्कल सुचली की फोनवरूनच पाठवतो.

बाबांना स्मृतिभ्रंश झालाय असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा घरच्यांची बैठक बसली. बाबा धाकट्या सुनेकडे राहतील, असं एकमतानं ठरलं. धाकटी तेव्हा आत चहा गाळत होती. तिचं मत चहासोबत आलं असतं, पण कुणी मागितलं नाही.

धाकटी घरी शाळेचे गणवेश शिवते. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. ते शिलाई मशीन बाबांनीच अख्ख्या घराशी भांडून तिला आणून दिलं होतं. आता तेच बाबा विचारायचे, "ओ बाई, कुणाकडे आलात तुम्ही?" आणि चष्मा सापडेना की चोर ठरलेली, हीच बाई.

डोकं विसरलं, हात मात्र विसरले नव्हते. पहिलं कुलूप त्यांनी केसांच्या पिनेनं उघडलं. दुसरं मशीनच्या पेचकसानं. तिसरं उघडून बनियनवर थेट चौकात. रिक्षावाल्यानं वेळेवर ब्रेक दाबला म्हणून परत तरी आले.

थोरल्यांचा फोन आला. "एक म्हातारा सांभाळता येत नाही तुला? रविवारी येतो. असंच चालणार असेल तर म्हाताऱ्यांच्या संस्थेत ठेवू. मी चौकशी केलीय."

"चौकशीसुद्धा केलीत? दमला असाल, भाऊजी."

शेजारणीची आई त्याच संस्थेत होती. तिचे हात खाटेला बांधलेले धाकटीनं पाहिले होते. सुरक्षेसाठी म्हणे.

शनिवारी बाबा पुन्हा दाराशी, कुलूप चाचपत. ती ओरडली, "बाहेर कुणी नाहीये, बाबा!" त्यांनी हात उगारला. पण मारलं नाही, दाराला कान लावून हळूच म्हणाले, "अडकलंय हो बिचारं. गिऱ्हाईकाला ताटकळत ठेवू नये."

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हातारा पळत नव्हता, कामावर होता. कुलूप दिसलं की काम दिसायचं. तिनं कुलूप काढलं, दार सताड उघडलं आणि मशीन उंबऱ्याशी ओढून शिवायला बसली.

बाबांनी बाहेर डोकावून पाहिलं. "कुणी उघडलं?"

"मी."

"जमलं की तुम्हाला," म्हणाले आणि खुर्चीत बसले. दुपारभर उठले नाहीत. चमत्कार वगैरे काही नाही. संध्याकाळी चष्म्याची चोरी तिच्यावर होतीच.

रविवारी थोरले आकड्यांचं कुलूप घेऊन आले. "दार उघडं टाकून बसलीस? डोकं ठिकाणावर आहे ना?" त्यांनी आतून कडीला कुलूप लावलं आणि विजयी मुद्रेनं म्हणाले, "याला किल्लीच नसते. आता उघडा म्हणावं."

बाबांनी कुलपाकडे पाहिलंसुद्धा नाही. खिशातून पेचकस काढला, कडीचे चार स्क्रू फिरवले आणि कडी कुलपासकट थोरल्यांच्या हातात ठेवली. मायेनं म्हणाले, "झालं, साहेब. सुटलात. जा आता घरी."

थोरल्यांनी खरोखरच चपला शोधायला सुरुवात केली.

धाकटी उंबऱ्यावर वाट अडवून उभी राहिली. "सुटलात कसले, भाऊजी? संस्थेचं नाव पुन्हा काढायचं नाही. दर रविवारी दहा ते बारा इथं दारात तुमची पाळी. आजपासूनच."

आणि ती आत जाऊन झोपली.