आमचा शब्द जीपमध्येच राहिला

मंडळी, आज जीव कंटाळलाय.

मोखाड्याहून खोडाळ्याला जीपनं निघाले होते. सोबत सुनी, शाळेपासूनची मैत्रीण. हॉस्टेलवर आम्हा आदिवासी पोरींना 'जंगली' म्हणून चिडवायचे. तेव्हापासून आम्हीच एकमेकींना तशी हाक मारतो.

आजही ती ओरडली, "ए जंगली, सरक की!"

शेजारी शहरातून नवीन बदलून आलेले एक सर होते. तेही हसत म्हणाले, "सरका हो, जंगली बाई!"

सुनीनं वळून त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

"अहो, तुम्हीच म्हणता ना?" सर म्हणाले.

सुनी म्हणाली, "आई मारते म्हणून गावानं पण मारायचं का, सर?"

"मस्करी केली हो." नेहमीचंच. समजावून समजावून थकले मी.

खोडाळ्याला उतरल्यावर सुनी म्हणाली, "चल, मंगल." इतक्या वर्षांत पहिल्यांदा नावानं.

सांगा, आता मी तिला काय हाक मारू?