लाइनवर ढोलकी

मी पळाले की ढोलकी वाजायची.

थांबले की बंद. पुन्हा पळाले की पुन्हा सुरू. कर्जत तालुक्यातल्या एका गावात फुटबॉलची फायनल होती आणि मी लाइनवर होते. लाइनवर म्हणजे मैदानाच्या कडेनं हातात फ्लॅग घेऊन पळणारी पंच. ऑफसाइड बघायचा, बॉल बाहेर गेला की दाखवायचं. सगळा वेळ तोंड खेळाकडं आणि पाठ लोकांकडं. माझ्या पाठीमागं हातभर अंतरावर लोखंडी रेलिंग होतं, आणि रेलिंगला लोंबकळलेलं अख्खं गाव. कोपऱ्यात ट्रॉलीवर डीजे. गोल झाला की वाजवायला आणलेला. गोल काही होत नव्हते. मी मात्र सारखी पळत होते.

डीजेवाल्यानं पहिल्यांदा गंमत म्हणून वाजवली. तमाशात बाई स्टेजवर येते तेव्हाची ढोलकी. लोकांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग शिट्ट्या सुरू झाल्या. कुणी उपरणं फिरवलं. माइकवाला म्हणाला, "लाइनवरच्या मॅडमसाठी एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!" टाळ्या झाल्या. बायकांनीही वाजवल्या.

मी चाळिशी ओलांडलेली बाई. सुप्याच्या कंपनीत पॅकिंगला सुपरवायझर आहे. हाताखालची माणसं मला नावानं हाक मारायला कचरतात. आणि इथं एक मिसरूड न फुटलेला डीजेवाला मला नाचवत होता. पळावं तर नाच, न पळावं तर कामात कसूर. असा पेच.

सामना सुरू व्हायच्या आधी हाच माइकवाला माझ्याकडं आला होता. हातात पेन.

"मॅडम, नाव?"

सांगितलं.

"आडनाव?"

"नुसतं नाव घ्या ना."

"न्हाई न्हाई, अनौन्समेंटला लागतं."

सांगितलं. त्याचं पेन थांबलं. मग म्हणाला, "मूळ गाव कुठलं म्हणायचं तुमचं?" तेही सांगितलं. तो हसला. बाकीच्या पंचांची त्यानं नुसती नावं घेतली होती. कुणाला गाव विचारलं नव्हतं. आता कुणी जात विचारत नाही, शिकलीसवरली माणसं आहेत. आडनाव विचारतात, त्यावर भागलं नाही तर गाव विचारतात, आणि मग हसून पाणी देतात.

हल्ली एक रडगाणं फार ऐकू येतं. पूर्वीची फुटबॉलची गर्दी कशी सभ्य होती. नगरला छावणीच्या बाजूच्या मैदानांवर सामने व्हायचे, लोक सायकली आडव्या टाकून गवतावर बसायचे, दोन्ही बाजूंच्या गोलला टाळ्या वाजवायचे, खेळ कळणारी माणसं होती वगैरे. जुने खेळाडू वर्तमानपत्रात लिहितात आणि वाचणाऱ्यांचे डोळे भरून येतात.

माझे भरून येत नाहीत. मी त्या गर्दीत वडिलांचं बोट धरून उभी राहिले आहे.

वडील नागापूरला एका वर्कशॉपमध्ये होते. फुटबॉलचं अक्षरशः वेड. रविवारी संध्याकाळी मला सायकलच्या दांडीवर बसवून मैदानावर न्यायचे. मैदानाच्या एका अंगाला लिंबाची झाडं, सावली, पुढं खुर्च्या. समोरच्या अंगाला काही नाही. मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत. आमच्या वस्तीतली माणसं त्या उन्हाच्या अंगाला उभी राहायची. असा काही नियम नव्हता. पाटी नव्हती. कुणी अडवत नव्हतं. फक्त लिंबाखाली जाऊन उभं राहिलं की आसपासची माणसं हळूहळू उठून लांब बसायची. मग आपल्यालाच कसंतरी व्हायचं. वडिलांनी आयुष्यभर कपाळावर आडवा हात धरून फुटबॉल बघितला. झालेला गोल त्यांना बऱ्याचदा आरडाओरड्यावरून कळायचा.

आमच्या वस्तीतला एक पोरगा तेव्हा एका क्लबकडून खेळायचा. वाऱ्यासारखा पळायचा. लिंबाखालून ओरडा यायचा, आमच्या जातीचं नाव घेऊन, "पळतंय बघ कसं! पळनारच! पिढ्यान्‌पिढ्या पळत आल्यात!" हे कौतुक होतं बरं का. सभ्य गर्दीचं कौतुक. त्यावर हशा व्हायचा आणि तो पोरगा मान खाली घालून पुन्हा आपल्या जागेवर जायचा. पुढं त्यानं खेळणं सोडलं. का सोडलं, हे कुणी वर्तमानपत्रात लिहिलं नाही.

मी खेळले. शाळेत, कॉलेजात. मग पंचाची परीक्षा दिली. माझ्या पहिल्या सामन्यात खुर्चीवरच्या एका इस्त्रीच्या कपड्यांतल्या गृहस्थानं मला हाक मारून शांतपणे विचारलं, "बाई, घरी भांडी घासून झाली का?" शिवी नाही. आवाज चढवलेला नाही. शुद्ध मराठी. मी फ्लॅग घट्ट धरला आणि पळत राहिले.

मग दिवस बदलले. सायकली गेल्या, मोटरसायकली आल्या. सामन्यांना पुढाऱ्यांचे फोटो लागले. रेलिंग आलं, मांडव आला, पाहुण्यांना सोफे आले. मध्येच खेळ थांबवून सत्कार, बावीस पोरं उन्हात उभी आणि साहेबांच्या गळ्यात हार. दगड फेकणारी गर्दी मी बघितली, दारू पिऊन मैदानात घुसणारी बघितली. आणि आता ही. कर्जतकडं फुटबॉल कधी कुणी खेळत नव्हतं. आता पोरं मोबाईलवर परदेशातले क्लब बघतात, त्यांचे शर्ट घालतात, त्यांची गाणी म्हणतात. तिकडं काळ्या खेळाडूला कुणी माकडाचे आवाज काढले की ह्यांचं रक्त उसळतं. स्टेटस ठेवतात. आणि त्याच हातानं मोबाईल वर धरून माझ्या पळण्याचं शूटिंग करत होती. ढोलकीसकट.

हाफटाइमला मी आयोजकांच्या मांडवात गेले. मंडळाचे अध्यक्ष सोफ्यावर होते. सगळे त्यांना आबा म्हणत होते.

"आबा, ती ढोलकी बंद करायला सांगा."

"का वं मॅडम? पब्लिक पिरमानं करतंय. आजपत्तूर लाइनमनला कुनी इचारलं हुतं का? तुमच्यासाठी टाळ्या वाजवत्यात लोकं. लई मनावर घेऊ नका."

मांडवातले चार लोक हसले. एकानं मला नारळपाणी पुढं केलं.

सुनीलसर बाहेर उभे होते. मधली शिट्टी त्यांच्याकडं होती. मी आणि ते बरोबरच परीक्षा पास झालो. ते दोन वर्षांत मधले पंच झाले. मी अजून लाइनवर. इतकी वर्षं मला एकाही मोठ्या सामन्यात शिट्टी मिळालेली नाही. कारण कधी कुणी सांगितलं नाही. मीच विचारायचे, आणि असोसिएशनवाले पुढच्या मोसमात बघू म्हणायचे. मला शिट्टी हवी होती. दुसरं काही नको होतं. मैदानाच्या मधोमध उभं राहून, माझ्या फुंकरीनं बावीस जण थांबावेत, एवढंच हवं होतं.

सर म्हणाले, "हे बघ, आजचा दिवस काढ. असोसिएशनचे लोक आलेत. मी तुझ्यासाठी बोललोय. पुढच्या मोसमात उपांत्य सामना तुझ्याकडं. शिट्टी तुझ्या हातात. आज तमाशा नको."

तमाशा नको म्हणे. फ्लॅग झटकला आणि लाइनवर गेले.

दुसऱ्या हाफला ढोलकी आणखी मोठी झाली. आणि मग नोटा सुरू झाल्या. तमाशात बाईवर पैसे उडवतात, त्याला दौलतजादा म्हणतात. देणाऱ्याचं नाव माइकवर पुकारतात, बाईनं वाकून नोट घ्यायची. पहिली नोट रेलिंगवरून लाइनीवर येऊन पडली. माइकवाल्यानं लगेच नाव पुकारलं, "यांच्याकडून मॅडमला बक्षीस!" मी नोट ओलांडून पळाले. दुसरी पडली. तीही ओलांडली. माझ्या आजीच्या बहिणीनं तमाशात उमर घालवली. ती काही लाज वाटण्यासारखी बाई नव्हती, तिनं घर पोसलं. पण ती नाचायला गेली होती. मी ऑफसाइड बघायला आले होते.

मग बॉल आमच्या कोपऱ्याकडं आला. मी रेलिंगला लागून थांबले, बचाव करणाऱ्यांच्या रेषेत, डोळे बॉलवर. आणि मागून एक हात आला आणि माझ्या कॉलरमध्ये नोट खोचून गेला. बोटं मानेला लागली. ओली बोटं.

मी फ्लॅग वर केला.

त्याच क्षणी यजमान गावच्या पोरानं गोल मारला. चांगला गोल होता, स्वच्छ. गाव उसळलं, डीजे दणाणला, फटाका वाजला. आणि मग एकेकाला माझा हात दिसला. सरळ वर. ढोलकी आपोआप बंद पडली. दिवसभर कुणीही खेळाकडं बघत नव्हतं, आता हजार माणसं माझ्या मुठीकडं बघत होती.

सुनीलसर पळत आले. "ऑफसाइड होता?"

"नव्हता."

"मग?"

"माझ्या मानेकडं बघा."

त्यांनी बघितलं. नोट तिथंच होती, घामानं चिकटलेली. ते खालच्या आवाजात म्हणाले, "काढून टाक ना ती. फ्लॅग खाली घे. मी गोल देतो."

"गोल द्या. गोल खरा आहे. पण ज्यानं हात लावला त्याला बाहेर काढा आणि डीजे बंद करा. तोवर फ्लॅग खाली येणार नाही. सामना थांबवायचा अधिकार तुम्हाला आहे."

"अधिकार आहे गं. पण इथून घरी जायचंय ना आपल्याला?"

आबांचा माणूस आला. "ओ मॅडम, फायनल हाय. गावाची इज्जत हाय."

"माझी नाही का?" मी म्हटलं.

एवढ्यात रेलिंगवरून आलं ते. ढोलकी नाही, बक्षीस नाही, टाळ्या नाहीत. आमच्या जातीचं नाव. जुनं, नुसतं, थुंकल्यासारखं. पुढं आई. एकानं म्हटलं, मग दहांनी म्हटलं. म्हणणारी पोरं विशीतली होती, अंगात परदेशी क्लबचे शर्ट. एवढी वर्षं जे म्हणायचं नाही म्हणून शिकवलं होतं, ते एका उंचावलेल्या हातानं बाहेर आलं. तेव्हा मला लख्ख कळलं. गर्दी बदललेली नव्हती. तिनं कपडे बदलले होते, भाषा बदलली होती, वाद्यं आणली होती. जोवर मी पळत होते तोवर ती हसत होती, एवढंच. भांडी विचारणारा तो इस्त्रीवाला आणि हा ओल्या बोटांचा, दोघांना एकच गोष्ट हवी होती. मी थांबू नये.

म्हणून मी थांबले. हात तसाच.

माझी मान ताठ होती. खांदा भरून आला. मला रडू येत होतं, पण ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. इतकी वर्षं हा हात मी दुसऱ्यांच्या चुकांसाठी वर करत आले. त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःसाठी वर केला.

सुनीलसरांनी गोल दिला. मला बाजूला केलं आणि राखीव पंचाला लाइनवर बोलावलं. त्यांनी फ्लॅग मागितला. फ्लॅग माझा होता, माझ्या पैशांनी घेतलेला. दिला नाही. मग आबांच्या एका कार्यकर्त्यानं गळ्यातलं उपरणं काढून दिलं, आणि फायनलचा उरलेला खेळ उपरण्यावर झाला. त्यावर कुणी हसलं नाही. कुणी ढोलकी वाजवली नाही.

पोलिसात गेले. हवालदार म्हणाला, "मॅडम, नोट तर दिलीच हाय की, चोरली थोडीच हाय!" मी तिथंच बसून राहिले, तक्रार घेईपर्यंत.

माझा तो व्हिडिओ फिरला. वर केलेला हात, आणि खाली कुणीतरी पुन्हा तीच ढोलकी चिकटवलेली. माझ्या कंपनीतल्या पोरींनी बघितला. माझ्या लेकीनं बघितला. ती दोन दिवस माझ्याजवळ झोपली.

महिन्याभरानं असोसिएशनचा फोन आला. आवाज फार गोड. "ताई, प्रकरण मिटवू. तक्रार मागं घ्या, मंडळाला दोन ओळी दिलगिरीच्या द्या. उपांत्य सामना तुमचाच आहे. शिट्टीवर तुमचं नाव टाकूनच ठेवलंय."

माझ्या आयुष्यात शिट्टी इतक्या जवळ कधीच आली नव्हती. खोटं कशाला सांगू, हो म्हणावंसं वाटलं.

म्हटलं, "दिलगिरी मंडळाकडून लिहून घ्या. मग मला फोन करा."

"तसं नाही होत, ताई."

"मग शिट्टी ठेवा तुमच्याकडं."

तेव्हापासून मला सामना मिळालेला नाही. लाइनसुद्धा नाही. पण मैदानावर जायला कुणाची परवानगी लागत नाही. रविवारी मी जाते, नगरला, सुप्याला, जिथं असेल तिथं. गर्दीत शिरते, थेट रेलिंगपर्यंत, जिथं लाइनवरचा पंच पळतो त्याच्या मागं. आणि वळून उभी राहते, गर्दीकडं तोंड करून. माझ्या मागं खेळ चालू असतो. मला आवाजावरून कळतं बॉल कुठं आहे, आणि वळून बघावंसं फार वाटतं. बघत नाही. मी एकेक तोंड बघते. ज्याचं तोंड उघडतं, त्याच्याकडं ते मिटेपर्यंत बघते.

गेल्या रविवारी एक जण वैतागून म्हणाला, "ओ बाई, म्याच तिकडं हाय!"

"ठाऊक आहे," मी म्हटलं, "तू बोल. मी ऐकतेय."