दहा मण शिंपल्यांचा चुना

माझ्या वडिलांचा दूधवाल्यापासून पुजाऱ्यापर्यंत कुणावरच भरवसा नव्हता. पाहुणे उठून गेले की आमच्याकडे वाट्या मोजल्या जात.

नागावच्या वाडीत विहीर बांधायची ठरली, तेव्हा वडिलांनी खाडीवरून दहा मण शिंपल्या आणवल्या, वाळवल्या आणि स्वतः तोलून भट्टीवाल्याच्या हवाली केल्या. भाजून चुना निघाला साडेपाच मण. वडिलांचे डोके फिरले.

"आग आपला वाटा खाते, मालक. त्यातलं मना काय न्हाय मिलत," भट्टीवाला म्हणाला.

वडिलांनी त्याला हाकलले आणि गावभर चोर ठरवले. पावसाळा तोंडावर आला होता. उन्हाळ्यातल्या भट्ट्यांवरच त्याचे वर्षाचे पोट भरायचे, आणि आता त्याला कुणी काम देईना.

मी मुंबईला रसायनशास्त्र शिकत होतो आणि सुटीला घरी आलो होतो. पडवीतच खडूने समीकरण मांडले. शिंपली तापली की तिचा चुना होतो आणि एक वायू निघतो. कॅल्शियम चाळीस, कार्बन बारा, ऑक्सिजन सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, असे शिंपलीचे शंभर भाग. त्यातले चव्वेचाळीस वायूचे, उरले छप्पन ते चुन्याचे. म्हणजे दहा मणांना साडेपाचच्या जरासा वर. चोरी झालेलीच नव्हती.

"तो वायू तू पाहिलास?" वडिलांनी विचारले.

दिसत नाही, मी म्हणालो.

"न दिसणाऱ्याच्या नावावर माल लांबवणारे मी पुष्कळ पाहिलेत." वर, भट्टीवाल्याने मला काय चारले, हेही त्यांनी विचारले. मला असा संताप आला की मी म्हटले, मग तुम्हीच भाजून बघा.

त्यांनी खरेच बघितले. शिंपल्या स्वतः निवडल्या, खलबत्त्यात कुटल्या आणि सोनाराच्या काट्यावर दहा तोळे तोलून मुशीत भरल्या. सोनार भाता मारत होता आणि वडील मुशीवरची नजर काढत नव्हते. दुपारी मूस निवल्यावर तोलले, तर भरले पाच तोळे आणि वर सात मासे, म्हणजे साडेपाच तोळ्यांच्या जरासे वर. वडिलांनी ते पुन्हा एकदा तोलून घेतले. घरी येताना वाटेत एवढेच म्हणाले, की सोनार तुझ्या ओळखीचा दिसतो.

तरी दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन भट्टीवाल्याकडे गेले आणि उरलेल्या चुन्याचे काम त्याला देऊ केले. तो आला, पण एकटा नाही. गावातली चार माणसे आणि दुसऱ्याकडून मागून आणलेला तराजू त्याच्याबरोबर होता. शिंपल्या आधी तोलायच्या आणि चुनाही तोलायचा, दोन्ही या चौघांसमोर, असे त्याने सांगितले.

वडिलांचा चेहरा उतरला. "माझ्यावर संशय घेतोस?"

"आग खाते ती खाते, मालक. बाकीचं कोन खातं, तं चौघांना दिसू दे."

वडिलांनी शिंपल्यांची पहिली पाटी उचलून त्याच्या पारड्यात ओतली. वजन त्याने मोठ्याने सांगितले. वडिलांनी मान डोलावली, आणि तोलून होईपर्यंत वर पाहिले नाही.