फाटकापुढची गाडी

कर्वेनगरातल्या आमच्या गल्लीत समोरच्या बंगल्यातले गृहस्थ आपली गाडी रोज आमच्या फाटकापुढे लावतात. त्यांच्याशी भांडताच येत नाही. तक्रार केली की ते चष्मा काढून बनियनला पुसतात, म्हणतात, "बरोबर आहे तुमचं," आणि कुंड्यांना पाणी घालायला जातात. गाडी तिथेच.

एकदा मी फारच चिडले, तर त्यांनी गाडीची दुसरी किल्लीच आणून दिली. "आपलीच समजा. हवी तेव्हा काढा, संकोच करू नका." एवढा विश्वास सख्ख्या भावानेही माझ्यावर टाकलेला नाही. आता रागवायचं तरी कसं?

तेव्हापासून सकाळी मी आधी त्यांची गाडी काढते, मग माझी. नंतर त्यांची परत होती तिथेच लावते, कारण गल्लीत दुसरी जागा नसते.

काल ती लावून उतरले, तर समोरच्या गॅलरीतून त्यांचाच आवाज आला. "अहो, फाटक सोडून लावत जा की गाडी. लोकांना त्रास होतो."

मी वर बघितलं. चेहऱ्यावर थट्टा शोधली, ती नव्हती. किल्ली तर माझ्याच हातात होती. मी चष्मा काढून ओढणीला पुसला.

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणाले.