ड्रम ओतायचा कसा?

मंडळी, आज सकाळी आमच्या पडेगावच्या गल्लीत पाण्याच्या ड्रमवरून भांडण झालं.

आरोग्य खात्याच्या एक ताई तपासणीला आल्या होत्या. शेजारच्या सुमनमावशींच्या ड्रममध्ये त्यांनी टॉर्च मारली, तर आत अळ्या वळवळत होत्या. "डेंग्यूच्या डासाच्या आहेत. ड्रम ओता, घासा, वाळवा. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा."

मावशी ड्रमला पाठ लावून उभ्या राहिल्या. "नळाला पाणी यायला अजून लई दिवस हायेत. आमचे सगळेच दिवस कोरडे हायेत, बाई! अजून कोणता पाळू?"

खरं सांगते, मला मावशींचंच पटलं.

तेवढ्यात समोरच्या शबानाभाभी आल्या. त्यांची मुलगी सना डेंग्यूनं दवाखान्यात आहे. भाभी डबा न्यायला घरी आल्या होत्या. त्यांनी घरातली भरलेली घागर आणून मावशींच्या ओट्यावर ठेवली.

"मौसी, फेंक दो वो पानी. मेरे घरका लेव. हमारे यहाँ अभी पीने को है कौन?"

मावशींनी ड्रम मातीत ओतला. मग मी हंडा आणला, पलीकडच्या काकूंनी कळशी आणली. आता रोज पाळीनं एकेक घर ड्रम वाळवणार आणि बाकीचे त्याला पाणी देणार, असं ठरलंय. गावाकडं पेरणीला एकमेकांच्या शेतात राबून सावड करतात ना, तशी ही पाण्याची सावड.

सगळ्यांच्या घरात थोडं थोडं पाणी होतंच. मग पहिली घागर त्याच घरातून का यावी लागली?